दुधाचा रिपोर्ट चांगला आला, मग शेळ्या गाभडल्या कशा?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

घरी अठरा दुभत्या शेळ्या आहेत, बहुतेक उस्मानाबादी आणि संगमनेरी. शिगम्यानंतर घाटावरून एक बोकड आणला. श्रावणात दोन शेळ्या शेवटच्या महिन्यात गाभडल्या, बाकीच्या टुणटुणीत आहेत. आसगावच्या बाजूला ताजं चीज करणारे एक गृहस्थ रोज सात-आठ लिटर कच्चं दूध घ्यायला तयार झाले आहेत, पण त्यांना ‘रोग नसल्याचा रिपोर्ट’ हवा आहे. ताईंनी ओळखीतून एका दूध तपासणीच्या ठिकाणी विक्रीच्या शेळ्यांचं एकत्र दूध दिलं. फॅट, एसएनएफ (स्निग्ध सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) उत्तम, भेसळ नाही, आणि ब्रुसेला या जनावरांना गाभडवणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या जंतूची रिंग टेस्ट निगेटिव्ह, असं लिहून मिळालं. गाभडलेल्या दोघींचं दूध त्या विकत नाहीत, घरीच चहाला वापरतात. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर रक्त तपासा म्हणतात. यजमान म्हणतात, दूध चांगलं निघालंय, आता रक्त तपासून नसतं झेंगट कशाला ओढवून घ्यायचं? त्या दोन शेळ्या बाजारात काढू आणि मोकळे होऊ. ताईंना ते पटत नाही, पण रोग निघाला तर धंदा बसेल याची भीती आहे. त्यात डेंग्यूचे दिवस, शेजारीपाजारी कच्चं दूध मागायला येतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘धारा सासूबाई काढायच्या, पण त्यांना महिनाभर संध्याकाळचा ताप येतो, कंबर धरते, डेंग्यू-मलेरिया काही निघालं नाही, सगळं माझ्यावर आलंय, म्हणून पत्राला उशीर झाला.’

ताई, तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ मी आधी घेते. तुम्ही ती उशिराचं कारण म्हणून लिहिलीय, पण मला विचाराल तर अख्ख्या पत्रात खरी घाईची गोष्ट तीच आहे. चीज, रिपोर्ट, बोकड यांना पंधरा दिवस थांबता येईल. महिनाभर येणारा-जाणारा ताप, कंबर आणि सांधे धरणं, आणि त्याच घरात शेळ्या गाभडलेल्या, हे एकत्र वाचलं की ब्रुसेलोसिसची, म्हणजे ब्रुसेला जंतूने होणाऱ्या आजाराची, शंका यायलाच हवी. तोच आहे असं मी म्हणत नाही. असा ताप क्षयापासून अनेक कारणांनी येतो. पण तुमच्या डॉक्टरांना गोठ्यातली हकीकत माहीत नसेल, तर ते डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड याच रांगेत शोधत राहणार. त्यात त्यांची चूक नाही.

उद्याच सासूबाईंना घेऊन जा आणि डॉक्टरांना हे असंच सांगा: आमच्याकडे शेळ्या आहेत, धारा यांनीच काढल्या, श्रावणात दोन शेळ्या गाभडल्या, तेव्हा वार कोणी उचलली, हातमोजे होते का, कच्चं दूध कोणी पितं का. ब्रुसेलाची रक्ततपासणी करायची का, असं स्वतःहून विचारा. रक्ताचं कल्चर करायचं ठरलं तर प्रयोगशाळेला आधी कल्पना द्यायला सांगा, कारण हा जंतू नमुना हाताळणाऱ्यांनाही लागतो. जवळ सोय नसेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवा. मध्येच मेडिकलमधून अँटिबायोटिकची चार-पाच गोळ्यांची पाकिटं आणून देऊ नका, त्याने ताप तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं. ब्रुसेला निघालाच तर तो बरा होणारा आजार आहे. मात्र दोन औषधं एकत्र आणि निदान सहा आठवडे, असा उपचार असतो. आठवड्याभरात ताप उतरतो, माणूस गोळ्या सोडतो आणि आजार उलटतो, हे सर्रास घडतं. त्या सहा आठवड्यांवर तुम्ही लक्ष ठेवा. घरात कोणी गरोदर असेल तर तिने गोठ्यात, विशेषतः विणाऱ्या किंवा गाभडलेल्या शेळीजवळ, अजिबात जाऊ नये.

आता तुमचा रिपोर्ट.

त्यावरची पहिली तीन कलमं, म्हणजे फॅट, एसएनएफ आणि भेसळ, यांचा रोगाशी काडीचाही संबंध नाही. दूध किती कसाचं आहे आणि त्यात पाणी घातलंय का, एवढंच त्यातून कळतं. थर्मामीटरने साखर मोजता येत नाही, तसंच हे. चौथं कलम रिंग टेस्टचं. त्याला धरून तुम्ही निर्धास्त झालात, म्हणून ती चाचणी चालते कशी ते जरा बारकाईने सांगते.

नळीत एक मिलिलिटर दूध घेतात. त्यात जांभळट-निळ्या रंगाने रंगवलेल्या मेलेल्या ब्रुसेला जंतूंचा एक थेंब टाकतात, हलवतात आणि अंगाच्या उष्णतेइतक्या उबेत, 37 अंशांवर, तासभर ठेवतात. दुधात त्या रोगाविरुद्धची प्रतिद्रव्यं असतील तर ती रंगीत जंतूंना धरून ठेवतात आणि स्निग्धाच्या कणांना चिकटतात. साय वर चढते तेव्हा रंगही तिच्याबरोबर वर जातो. वर गडद कडं आणि खाली पांढरं दूध दिसलं की संशय. प्रतिद्रव्यं नसतील तर साय पांढरी राहते आणि खालचं दूध निळसर. स्वस्त आणि सोपी चाचणी आहे, गाईच्या दुधाच्या डब्यांसाठी जगभर वापरली गेली.

पण तिचा सगळा खेळ साय वर चढण्यावर आहे. गाईच्या दुधात स्निग्धाचे कण एकमेकांना धरून गुच्छ करतात आणि झटकन वर येतात. शेळीच्या दुधात तसं होत नाही. कण बारीक असतात, त्यांना एकत्र बांधणारी प्रथिनं जवळजवळ नसतात. शेळीचं दूध तापवल्यावर गाईच्या दुधासारखी जाड साय धरत नाही, हे तुम्ही रोज बघताच. साय नीट चढतच नाही, तर कडं कुठे दिसणार? म्हणूनच जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात शेळ्यामेंढ्यांसाठी रिंग टेस्ट निरुपयोगी मानली आहे. तुम्हाला कोणी फसवलं असं मला वाटत नाही. ज्यांनी तपासलं त्यांनी रोजच्या सवयीने गाईची चाचणी शेळीच्या दुधाला लावली. पण त्या ‘निगेटिव्ह’चा तुमच्या शेळ्यांपुरता अर्थ शून्य आहे. तो कागद चीजवाल्यांना देऊ नका.

आणखी एक. गाभडलेल्या दोघींचं दूध तुम्ही वेगळं काढता, म्हणजे ज्यांच्यावर संशय आहे नेमकं त्यांचंच दूध त्या बाटलीत नव्हतं. बोकडही त्यात नव्हता, आटलेल्या शेळ्या नव्हत्या, पाटी (अजून न व्यालेल्या तरुण शेळ्या) नव्हत्या. दूध देणारेच दुधातून तपासले जातात, हे कळपाच्या बाबतीत नेहमी विसरलं जातं. तुमच्याकडे तर बाहेरून आलेलं एकमेव जनावर म्हणजे तो बोकड.

मग शेळीच्या दुधातून रोग कळतच नाही का? कळतो, पण चाचणी वेगळी लागते आणि तिच्याकडून अपेक्षाही वेगळी ठेवावी लागते. एलायझा ही प्रतिद्रव्यं शोधणारी चाचणी सायीवर अवलंबून नसते, त्यामुळे ती शेळीच्या दुधावरही करता येते. शेळ्यांचे सांधे सुजवणारा कॅप्रिन आर्थरायटिसचा विषाणू, हगवण लावून जनावर झिजवणारा जोन्स रोग, शेळ्यांकडून माणसाला लागणारा क्यू-ताप अशा अनेक रोगांसाठी दुधाचा एलायझा वापरतात. पीसीआर प्रतिद्रव्यं न शोधता थेट जंतूचा अंश शोधतो. दोन्ही कामाच्या आहेत. अडचण अशी, की दुधातली प्रतिद्रव्यं रक्ताच्या मानाने पुष्कळ कमी असतात आणि वेताच्या कुठल्या टप्प्यावर दूध घेतलं त्यावर कमी-जास्त होतात. अठरा जणींचं दूध एकत्र केलं की एकीचा संशय सतरा जणींच्या दुधात विरघळतो. शिवाय बाधित शेळी रोज दुधातून जंतू टाकतेच असं नाही, आज टाकेल, चार दिवस टाकणार नाही. त्यामुळे एकत्र दुधात काही सापडलं तर तो मोठा इशारा समजावा. नाही सापडलं, तर त्या दिवशी त्या बाटलीत सापडलं नाही इतकंच.

एकत्र दुधाची तपासणी कुठे शोभते, त्याचं चांगलं उदाहरण नेदरलँड्सचं आहे. तिथे 2007 ते 2010 या काळात दुभत्या शेळ्यांच्या मोठ्या गोठ्यांतून क्यू-ताप पसरला आणि चार हजारांवर माणसं आजारी पडल्याची नोंद झाली. 2009 च्या ऑक्टोबरपासून तिथे 50 हून अधिक दुभत्या शेळ्या किंवा मेंढ्या असलेल्या गोठ्यांच्या टाकीतल्या दुधाची तपासणी सक्तीची झाली. शेकडो गोठ्यांतून संशयित कोणते, हे ठराविक दिवसांनी पुन्हा पुन्हा चाळायला ती पद्धत उत्तम. तुमच्या अठरा शेळ्यांतली नेमकी कोणती, हे तिच्याकडून कळणार नाही.

ते रक्ताने कळेल. तुमच्या दवाखान्यातले डॉक्टर बरोबर सांगतायत. रोझ बेंगॉल नावाची साधी चाचणी आहे. रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पाण्याचा थेंब गुलाबी रंगाच्या जंतुद्रावणात मिसळायचा, चार मिनिटं हलवायचं, बारीक गुठळ्या दिसल्या की संशयित. शेळ्यामेंढ्यांसाठी यातही बदल आहे: गाईला दोन्ही सारख्या प्रमाणात घेतात, शेळीच्या रक्ताचं पाणी तिप्पट घेतात, म्हणजे बाधित जनावर निसटत नाही. नमुना देताना ‘हे शेळीचं आहे’ असं ठळक लिहायला सांगा. जी संशयित निघेल तिची दुसऱ्या चाचणीने खात्री करतात, त्यासाठी नमुने बाहेर जावे लागले तर जाऊ द्या. बेंगळुरूची निवेदी ही केंद्रीय संस्था जनावरांच्या साथरोगांवर आणि ब्रुसेलावर काम करते, पण तिथे नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत गेलेला बरा. बाटली पाठीवर टाकून तुम्ही बेंगळुरू गाठायची गरज नाही.

रक्ताची चाचणीही एकदाच करून भागत नाही. लागण ताजी असेल तर प्रतिद्रव्यं तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि गाभडण्याच्या वेळी शेळी निगेटिव्ह दिसू शकते. सगळा कळप, बोकडासकट, आता एकदा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, असं डॉक्टरांशी ठरवून घ्या.

आणि ब्रुसेलाच असेल असं गृहीत धरून बसू नका. शेळी गाभडायला क्लॅमिडिया, क्यू-ताप, टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया, साल्मोनेला अशी बरीच कारणं असतात. काही वेळा झुंज, पडणं, बुरशी आलेला चारा हेही पुरतं. यातले निम्मे तरी माणसाला लागणारे आहेत. पुढच्या वेळी असं झालं (होऊ नये) तर गाभ आणि वार फेकण्याआधी डॉक्टरांना फोन करा. कारण शोधायला त्याच्याइतका चांगला नमुना दुसरा नाही, आणि तोच आपल्याकडे सर्वात आधी कुत्र्याच्या तोंडी जातो.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येते. ‘बाकीच्या टुणटुणीत आहेत’ या वाक्यावर त्यांचा सगळा भरवसा आहे, आणि या रोगात नेमकं तेच वाक्य माणसाला फसवतं. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना वर्षानुवर्षं एक लांबलचक ताप छळत होता. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी मेलेल्या सैनिकाच्या प्लीहेतून त्याचा जंतू वेगळा काढला. पण तो येतो कुठून, हे कळायला पुढे 18 वर्षं गेली. 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी शेळ्यांची रक्तं तपासली. शेळ्या धडधाकट, दूध भरपूर, दारोदार फिरवून गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचे. त्याच शेळ्यांच्या रक्तात आणि दुधात तो जंतू निघाला. 1906 मध्ये सैनिकांच्या आहारातलं शेळीचं दूध बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने उतरला. शेळीमध्ये हा रोग गाभडण्यापलीकडे फारसं काही दाखवत नाही, आणि एकदा गाभडलेली शेळी पुढच्या वेळी नीट वितेही. जंतू मात्र कासेत राहतो.

म्हणून त्या दोन शेळ्या बाजारात काढणं हा त्यांना वाटतो तसा सुटकेचा मार्ग नाही. पहिलं म्हणजे, रोग असलाच तर तो दोघींत थांबला असेल असं मानायला काही आधार नाही. त्या गेल्या तरी प्रश्न गोठ्यातच राहील, आणि तुमच्या हातातले सगळ्यात बोलके दोन नमुने निघून जातील. दुसरं म्हणजे, त्या विकत घेणारी बाई तुमच्यासारखीच असेल. बचत गटाचं कर्ज काढून, घरच्या पोरांना दूध मिळेल म्हणून घेतलेली. तिच्या घरातला ताप कुणाच्या खात्यावर मांडायचा? कायदाही आहे: जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ब्रुसेलोसिससारख्या रोगाचा संशय आला तर मालकाने कळवायचं असतं, आणि बाधित जनावर बाजारात न्यायला बंदी आहे. यजमानांना मी दोष देत नाही. दर महिन्याचा हप्ता समोर असलेला माणूस असाच विचार करतो. त्यांना एवढंच विचारा, की तुमचाही बोकड असाच कोणीतरी ‘मोकळा होण्यासाठी’ विकलेला असेल तर? बोकडानेच रोग आणला असं आज म्हणता येणार नाही, पण प्रश्न त्यांना कळेल.

‘रोग निघाला तर धंदा बसेल’ यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. बाधित शेळी ठेवून चालत नाही. तिला अँटिबायोटिक टोचून बरं करण्याचा नाद सोडा, त्याची खात्री नाही आणि दूध उगाच औषधाने बिघडतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिला कळपातून काढावं लागतं, आणि उरलेल्यांची पुन्हा पुन्हा तपासणी करत सगळ्या निगेटिव्ह येईपर्यंत धीर धरावा लागतो. अठरातल्या दोन-चार गेल्या तर ते सोसण्यासारखं आहे. न तपासता दोन वर्षं गेली तर प्रत्येक वेताला करडं जातील, आणि चीज खाऊन आजारी पडलेल्या गिऱ्हाइकाचा माग एक दिवस तुमच्या दारापर्यंत येईल. चीज आसगावात खाल्लं जातं, तिथे देशोदेशीची माणसं आहेत, आणि त्यांचे डॉक्टर ‘कुठे काय खाल्लंत’ हे विचारतातच.

पण इथे मला तुमचा मूळ प्रश्नच थोडा बदलावासा वाटतो. रिपोर्ट चांगला आला की कच्चं दूध द्यायला हरकत नाही, असं तुम्ही, यजमानांनी आणि चीजवाल्यांनी, तिघांनीही धरून चाललंय. माझ्या मते कितीही चांगला रिपोर्ट आला तरी कच्च्या दुधाचं ताजं चीज करू नये. रक्त आज तपासलंत, नवी शेळी परवा आणलीत, मधल्या दिवसांची हमी कुठला कागद देणार? ताज्या चीजमध्ये हा जंतू आठवडेच्या आठवडे तग धरतो. दूध 63 अंशांवर 30 मिनिटं, किंवा 72 अंशांवर 15 सेकंद तापवलं की तो मरतो. पहिली पद्धत घरी जमण्यासारखी आहे: मोठ्या टोपात पाणी, त्यात दुधाचं स्टीलचं भांडं, दुधात थर्मामीटर, मंद आच, सतत ढवळणं आणि घड्याळाकडे डोळा. अर्धा तास झाला की भांडं लगेच थंड पाण्यात. अशा दुधाचं ताजं चीज चांगलं लागतं, त्यासाठी विरजण वेगळं घालतात आणि दही घट्ट बसावं म्हणून थोडं कॅल्शियम क्लोराइड. मन लावून चीज करणाऱ्याला हे ठाऊक असतं.

त्यांना आडवळणाने काही सांगू नका. सरळ म्हणा: ‘दोन शेळ्या गाभडल्यात, कळपाचं रक्त तपासायला दिलंय, माझ्याकडचा जुना कागद शेळीच्या दुधाला लागू पडत नाही असं कळलं. निकाल येईपर्यंत दूध देत नाही, आणि पुढे देईन ते तापवूनच वापरायचं या अटीवर.’ हे ऐकून ते गेले, तर त्यांना रिपोर्टची फक्त झेरॉक्स हवी होती. राहिले, तर तुम्हाला अनेक वर्षं पुरणारं गिऱ्हाईक मिळालं. स्वतःहून शेळ्या तपासणारी गवळीण गोव्यात किती जणांना सापडते?

शेजाऱ्यांचं. डेंग्यूत शेळीच्या कच्च्या दुधाने प्लेटलेट वाढतात, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. डेंग्यू ओसरू लागला की प्लेटलेट आपोआप चढतात, आणि त्याच सुमारास कोणीतरी दूध दिलेलं असतं. आधीच खचलेल्या रुग्णाला कच्च्या दुधातून आणखी एक आजार देण्याची जोखीम कशाला? मागायला आलेल्याला हाकलू नका, लोक काळजीपोटी येतात. ‘उकळून देते, कच्चं देत नाही’ असं सांगा आणि घरातच खळखळून उकळी आणून द्या. दोन-चार घरं रागावतील. रागावू देत. आणि तुमच्या घरच्या चहाचं म्हणाल तर दूध उकळून घेताय तोवर भीती नाही, पण त्या दोघींचं दूध हाताळणं, गाळणं, भांडी धुणं यातूनही हाताच्या चिरेतून जंतू शिरतो. निकाल येईपर्यंत त्यांची धार शेवटी काढा, हातमोजे घाला आणि दूध वापरू नका. चुन्यासकट खड्ड्यात घाला. जीवावर येईल, तरी घाला.

गोठ्याबद्दल एक गोष्ट आपल्या हवेमुळे मुद्दाम सांगते. हा जंतू कोरड्या उन्हात लवकर मरतो, पण ओल्या, सावलीच्या जागी आठवडे टिकतो, आणि सत्तरीत श्रावणापासून दसऱ्यापर्यंत गोठ्यात दुसरं असतं काय? दोघी जिथे गाभडल्या तिथलं शेण, गवत, वरची माती खरवडून काढा, खोल पुरा, चुना टाका, विहिरीपासून आणि ओहळापासून लांब. शेळ्यांना जमिनीपासून उंच, फटी असलेल्या मचाणावर ठेवलंत तर खालची ओल कमी त्रास देते. कोकणात हे नवं नाही. दोघींना निदान महिनाभर वेगळं बांधा, त्यांचं पाणी आणि घमेलं वेगळं. कुत्र्यांना तिकडे फिरकू देऊ नका.

लसीचं बरेच वाचक विचारतात, तेही सांगून टाकते. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ब्रुसेलाची लस दिली जाते ती गाई-म्हशींच्या 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना. शेळ्यांना ती नाही, कोणाच्या सांगण्यावरून टोचूनही घेऊ नका. शेळ्यांना पीपीआरची (शेळ्यामेंढ्यांच्या एका विषाणूरोगाची) लस मिळते, ती जरूर घ्या, पण तो रोग वेगळा.

ज्यांच्याकडे घरापुरत्या दोन-तीनच शेळ्या आहेत त्यांना एवढा व्याप करावा लागत नाही. दूध उकळून प्या, विताना हातमोजे घाला, नवं जनावर आणलं तर रक्त तपासून येईपर्यंत वेगळं बांधा. गाभणीसाठी बोकड उसना आणत असाल तर त्याच्या मालकाला रक्ततपासणीबद्दल विचारायला संकोच करू नका. आणि दगडी (कासेची सूज) झाली का ते बघायला चार खणांच्या तबकात दूध व औषध मिसळून जी चाचणी करतात, तिचाही निकाल गाईच्या मापाने वाचू नका. शेळीच्या दुधात पेशींसारखे कण मुळातच जास्त असतात, त्यामुळे निरोगी शेळीचं दूधही त्यात थोडं दाटतं. त्या तबकात ब्रुसेला कळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुढे कधी प्रयोगशाळेने दूधच मागितलं, तर ते कच्चंच हवं असतं, उकळलेलं चालत नाही. सड पुसून कोरडे करा, पहिल्या दोन धारा वेगळ्या टाका, दोन्ही सडांचं दूध प्रत्येक शेळीचं स्वतंत्र नळीत घ्या, नळीवर शेळीचा बिल्ला क्रमांक, तारीख आणि विण्याचा दिवस लिहा, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवा. गेल्या काही दिवसांत कुठल्या शेळीला इंजेक्शन दिलं असेल तर तेही लिहा.

रक्त घ्यायला डॉक्टर येतील त्या सकाळी शेळ्या चरायला सोडू नका, बोकड आणि पाटीही बांधून ठेवा. प्रत्येकीला बिल्ला किंवा गळ्यात नंबर असू दे, नाहीतर निकाल आल्यावर कोणती कोणाची हे कळणार नाही. सासूबाईंचा रिपोर्ट आणि कळपाचा निकाल, दोन्ही हातात आले की मला पुन्हा लिहा.